महागाई शून्यावर आली म्हणे!

नाशिक,
१० डिसेंबर २०२५

प्रिय नलू,

तू पाठवलेल्या कात्रणाचा फोटो पाहिला आणि त्याखालचा तुझा शेराही वाचला. ‘ऑक्टोबरात तुमच्याकडे महागाई ०.२५ टक्के, आमच्याकडे ३.६, आणि दर रविवारी रडगाणं मात्र तुझं!’ निफाडच्या शाळेत तू माझ्या गणिताच्या वहीवर असेच शेरे मारायचीस. वय वाढलं, इंग्लंडात लेस्टरला जाऊन तुला एक जन्म लोटला, पण खोड काही गेली नाही. तर आता बस आणि हे लांबलचक उत्तर वाच. फोनवर सांगायला गेले असते तर निम्म्यातच ‘अगं थांब, दारावर कुणी आलंय’ म्हणून तू सटकली असतीस.

पहिलं सांगते, आकडा खोटा नाही. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून जी मोजणी चालते, तिच्यातला हा सगळ्यात खालचा दर. पण तो मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून काढतात. गेल्या ऑक्टोबरात हाच दर सहाच्या वर होता, भाज्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. त्या चढलेल्या भावांशेजारी यंदाचे भाव मांडले की सगळं स्वस्तच दिसणार. शिवाय काही गोष्टी खरोखर उतरल्या. तूरडाळ गेल्या वर्षी दोनशेला टेकली होती, ती आता सव्वाशेच्या आत मिळते. आमटी पुन्हा जरा दाट झाली आहे, हे मी कबूल करते. पण भाव वाढायचा थांबला म्हणजे वाढलेला परत खाली आला असं नव्हे ना गं. तेल, दूध, चहा, साबण, रिक्षा ही मंडळी करोनानंतर जिथे जाऊन बसली आहेत तिथून हललेली नाहीत.

आणि भाज्या कुणाच्या जिवावर उतरल्या, तेही ऐक. परवा निफाडला दादाकडे गेले होते. (एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तुला ठाऊकच आहे. यांचं मात्र पूर्ण. पासष्टी भरायला अजून थोडा अवकाश आहे, त्यामुळे कंडक्टरनं माझ्या हातात अर्धं आणि यांच्या हातात पूर्ण तिकीट ठेवलं की हे खिडकीबाहेर बघतात.) थंडी अशी की सकाळी हात पाण्यात घालवत नाही. दादानं उन्हाळ कांदा मेपासून चाळीत भरून ठेवला होता, दिवाळीला भाव येईल म्हणून. भाव काही आला नाही. किलोला दहा-बारा रुपयांवर घुटमळत राहिला आणि इकडे चाळीतला कांदा सडत, कोंब फुटत गेला. वहिनी कांदे निवडता निवडता म्हणाली, “ताई, तुमची महागाई उतरली ना, ती आमच्या चाळीतून उतरली.”

मी काय बोलणार? माझ्या माहेरी कांदा विकतात आणि सासरी विकत घेतात. २०२३ मध्ये जरा कुठे भाव वर सरकायला लागला तर ऑगस्टात निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं, डिसेंबरात निर्यातच बंद. शहरातल्या माझ्यासारख्या बायकांना बरं वाटावं म्हणून. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये कांदा मातीमोल झाला होता, तेव्हा मात्र कुणाला एवढी घाई झाली नव्हती. मागाहून सरकारनं क्विंटलला साडेतीनशे रुपये अनुदान दिलं. टोमॅटोचंही तेच. त्या वर्षी उन्हाळ्यात शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतून दिला आणि जुलैत तोच दीडशेच्या वर गेला. गंमत आठवते का? फेब्रुवारीत तुझ्या सुपरमार्केटात माणशी तीनच पाकिटं टोमॅटो मिळत होते आणि तू बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानात सकाळी सकाळी धावली होतीस. पाच महिन्यांनी मी इथे चिंचेवर रस्सा करत होते. वरणाला आमसूल, पोह्यांवर लिंबू, कोशिंबीर काकडीची. महिना-दीड महिना घरीदारी, जिन्यात, भिशीत, लग्नात दुसरा विषयच नव्हता.

आता माझं खरं म्हणणं. त्या टोमॅटोत आमचे किती पैसे गेले असतील? हे सगळा हिशेब वहीत लिहितात. (निवृत्तीनंतरचा छंद. कोथिंबिरीची जुडीसुद्धा चुकत नाही.) वही काढून पाहिलं. टोमॅटोपायी महिन्याला तीनशे-चारशे रुपये जास्त गेले असतील, फार तर. ज्या वर्षी आम्ही टोमॅटोवर एवढं बोललो, त्याच वर्षी आमच्या निखिलच्या घराचा हप्ता साडेचार हजारांच्या वर वाढला आणि त्यावर भिशीत कुणी चकार शब्द काढला नाही.

निखिलनं २०२१ मध्ये फ्लॅट घेतला तेव्हा कर्जाचा दर होता ६.७ टक्के. तीस लाख, वीस वर्षं, हप्ता पावणेतेवीस हजारांच्या आत. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं रेपो दर चढवायला सुरुवात केली ती फेब्रुवारी २०२३ पर्यंत चारावरून साडेसहावर नेला. महागाई आटोक्यात आणायला म्हणून. म्हणजे तेल महाग झालं म्हणून घर महाग केलं! निखिलचा दर नऊच्या पुढे गेला. जुनाच हप्ता चालू ठेवला असता तर सगळा व्याजात जिरला असता आणि मुद्दलात महिन्याला जेमतेम काहीशे रुपये पडले असते. पोरगा साठीला आला असता तरी कर्ज फिटलं नसतं. कितीतरी लोकांची मुदत अशीच गुपचूप लांबली. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. निखिलनं हप्ता वाढवून घेतला. आणि ही वाढ किती, तर आमच्या पाच जणांच्या घराचा महिन्याचा भाजीपाला येतो तेवढी. आम्ही भाजी खाणंच सोडलं असतं तरी फक्त बरोबरी झाली असती.

यंदा फेब्रुवारीपासून दर उतरतोय, परवा पाच तारखेला पुन्हा पाव टक्का कमी केला. निखिल खूश. हे मात्र नाराज, कारण यांच्या ठेवींचं व्याजही त्याच पावलांनी उतरतं. एकाच बातमीवर बाप-लेक दोन तोंडं करून बसले होते, मी मध्ये पोळ्या वाढत होते.

मग शाळा. नातू अर्णव यंदा दुसरीत गेला. फीवर नियंत्रण ठेवणारा कायदा आपल्याकडे आहे, २०११ चा. शाळा दर वर्षी मनाला येईल तशी फी वाढवू शकत नाहीत, दोन वर्षांनी वाढवतात. समज, दर खेपेला १५ टक्के वाढवली तर पाच वाढींत फी दुप्पट होते. पोर शिशुवर्गात घातलं तर दहावीला पोचेपर्यंत पाच वाढी सहज होतात. बाप नोकरीत तेवढा पगार वाढवून घेईल याची हमी कुठल्या कायद्यात आहे? आणि ही झाली फक्त शिकवण्याची फी. बस वेगळी, स्नेहसंमेलनाचे कपडे वेगळे, वह्या-पुस्तकं एका ठरलेल्या दुकानातूनच. सूनबाई, प्राची, म्हणते, “आई, भाजीवाल्याशी दहा रुपयांसाठी वाद घालता येतो. शाळेच्या खिडकीवर घालून बघा.”

बोलली ते खरंच. सरकारच्या महागाई मोजणीच्या टोपलीत खाण्यापिण्याला जवळजवळ ४६ टक्के जागा आहे आणि शिक्षणाला साडेचारच्या आसपास. कर्जाचा हप्ता तर त्या टोपलीत नाहीच. व्हीसीआर, कॅसेट असल्या वस्तू मात्र आजवर त्यात होत्या, हसू नकोस. ती टोपली २०११-१२ च्या घरखर्चावर बेतलेली. आता नव्या वर्षात नवी येणार आहे. गोरगरिबांच्या घरात अजून निम्मा पैसा खाण्यातच जातो, त्यांच्यासाठी जुना हिशेब पुष्कळ अंशी खरा. पण आमच्यासारख्या घरात वाढ होते शाळेत, बँकेत, दवाखान्यात, आणि काटकसर होते स्वयंपाकघरात. कारण तेवढ्याच एका खोलीत आमचं चालतं. हप्ता टाळता येत नाही, फी टाळता येत नाही, म्हणून दुधाची पिशवी अर्ध्या लिटरनं कमी होते. आणि अशी काटकसर आधी कुणाच्या ताटात होते ते तुला सांगायला नको. फळं आणली तर अर्णवच्या डब्यात, उरली तर यांना. सध्या मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत, पूजेला पाच फळं लागतात, म्हणून तेवढ्यापुरती तरी आम्हा सासू-सुनांच्या वाट्याला सीताफळ-पेरू येतात. देवी बायकांची काळजी घेते ती अशी. माझ्या दाढेचं काम गेल्या वर्षापासून ‘पुढच्या महिन्यात’ आहे. वहीत त्याची नोंद नाही, कारण खर्चच झाला नाही! वाचलेल्या पैशांचा रकाना असता तर बायकांची दुखणी सगळी त्यात सापडली असती.

औषधांचं मात्र एक बरं झालं. यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आता जनऔषधी केंद्रातून आणतो. औषध तेच, नाव साधं, किंमत निम्म्याहून खाली. हे सुरुवातीला नाक मुरडत होते. ‘स्वस्त गोळीनं दाब उतरेल का?’ डॉक्टरांनी सांगितलं की गोळीला तिची किंमत कळत नाही. आरोग्यविम्यावरचा जीएसटीही सप्टेंबरात गेला, पण आमच्या वयाला हप्ता मुळातच एवढा चढलाय की सूट शोधायला चष्मा लागतो.

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. समोर निवृत्त गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले. त्यांच्या निवृत्तिवेतनाला महागाई भत्ता जोडलेला. केंद्रानं भत्ता वाढवला की राज्य थोड्या दिवसांनी वाढवतं, फरकाची रक्कम येते, गुरुजी पेढे आणतात. आमचे हे सातपूरच्या कारखान्यात आयुष्य काढलेले. यांना भविष्य निधीवाली १९९५ ची पेन्शन. ती ज्या दिवशी ठरली त्या दिवशी गोठली. तिला भत्ता नाही, वाढ नाही. त्या योजनेत कमीत कमी पेन्शन महिन्याला हजार रुपये, ती २०१४ पासून हजारच. एवढ्या वर्षांत चहासुद्धा पाचाचा पंधराचा झाला. गुरुजींचा पेढा गोड लागतो, नाही असं नाही. पण हे तो खाताना बाकी काही बोलत नाहीत.

बरं, आता तू विचारलंस ते. आम्ही करतो काय?

जुनं ते सगळं करून पाहिलं. एप्रिलमध्ये सालाचे गहू भरतो, लोकवन. चार घरं मिळून एकदम मागवतो म्हणजे गाडीभाडं वाटलं जातं. गच्चीवर ऊन देऊन, चाळून, एरंडेल चोळून कोठीत. तांदळाची गोणीसुद्धा वाटून घेतो, आणि त्यात एक मेख आहे. २०२२ च्या जुलैपासून पाकिटबंद धान्यावर ५ टक्के जीएसटी लागला, पण तो पंचवीस किलोपर्यंतच्या पाकिटांना. त्याहून मोठ्या गोणीला नाही, सुट्या मालालाही नाही. झालं, बाजारात सव्वीस आणि तीस किलोच्या गोण्या अवतरल्या. तीस किलो तांदूळ एका घराला ठेवायला जागा नाही, म्हणून रविवारी आमच्या पार्किंगमध्ये वजनकाटा निघतो. गुरुजी काटा धरतात. मुलुंडची माझी मावसबहीण हे ऐकून हसली. ती मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद. त्यांच्याकडे १९७५ पासून हेच चाललंय, आणि नीट शिस्तीत. शेजारच्या घरांचा एक संघ, सगळ्यांची एकत्र यादी, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये वाटप. आम्ही पन्नास वर्षं उशिरा तिथे पोचलो.

तेलाच्या पिशवीचंही एक बघून ठेव, तुमच्याकडेही असेल. पूर्वी एक लिटरची पिशवी म्हणजे ९१० ग्रॅम तेल, डोळे मिटून घ्यावी. आता पाकिटाची ठरावीक मापं पाळायचं बंधन उठलं. तेव्हापासून तशाच दिसणाऱ्या पिशव्या ८७० च्या, ८५० च्या, त्याहूनही कमी येतात. भाव ‘उतरला’ म्हणून आनंदानं उचलावी तर तेलच उतरलेलं. उपाय म्हणजे पाकिटावर बारीक अक्षरात दर ग्रॅमची किंमत छापलेली असते, ती वाचायची. मी दुकानात भिंग घेऊन जाते. पोरं हसतात, हसू देत.

या सगळ्यावर प्राचीशी एकदा चांगलं वाजलं. भांडण नव्हे, पण आवाज चढले. ती एका खासगी कंपनीत आहे, सकाळी आठला जाते ती साडेसातला परत. तिनं मोबाईलवरून दहा मिनिटांत येणारी मेथी मागवली, आणि मी म्हटलं, “कोपऱ्यावरच्या मावशीकडे हीच जुडी निम्म्यात मिळते.” ती शांतपणे म्हणाली, “आई, गव्हात किलोमागे सात रुपये वाचतात. वाळवायला, निवडायला, चाळायला, गिरणीत न्यायला तुमचे किती तास जातात? त्या तासांचे पैसे बाबांच्या वहीत कुठे लिहिलेत?”

मला राग आला होता. रात्री पडल्या पडल्या हिशेब केला आणि राग गेला. आपल्या आयांच्या सुगरणपणाचं आपण एवढं कौतुक करतो, कुरडया, सांडगे, शिळ्या पोळीचा कुस्करा, जुन्या लुगड्याची गोधडी. त्या सगळ्यात पैशाच्या जागी एका बाईचे तास घातलेले असायचे आणि ते फुकट धरलेले असायचे. आता माझे तास आहेत म्हणून आमच्या घरात गहू भरला जातो. माझे गुडघे गेले की प्राची पिठाचं पाकीट आणेल, आणि ते बरोबरच असेल. मी तिला तसं सांगितलं नाही, एवढ्यात सांगणारही नाही. पण मेथीवर बोलणं बंद केलं. तिनं तिच्या बाजूनं बाहेरचं जेवण दर शनिवारचं होतं ते महिन्यातून एकदावर आणलं. वहीत सगळ्यात मोठी बचत त्याचीच दिसते. माझ्या गव्हापेक्षा मोठी.

मंगलताई आठवते ना, आमच्याकडे कामाला येते ती? तिचं गणित आमच्याहून उलटं. आम्ही एकदम भरून स्वस्तात घेतो, ती रोजचं रोज घेऊन महाग घेते. दहा रुपयांचं सुटं तेल, वीस रुपयांची डाळ, शॅम्पूची पुडी. मी शहाणपणा शिकवायला गेले तर म्हणाली, “महिन्याचं एकदम भरायला महिन्याचे पैसे एकदम हातात यावे लागतात ताई.” तांदूळ-गहू रेशनवर फुकट मिळतो, २०२३ पासून. तेवढा आधार मोठा आहे, त्यावर कुणी नाकं मुरडली की मला चीड येते. गॅस उज्ज्वलाचा, टाकी साडेआठशेच्या घरात, त्यातले तीनशे रुपये खात्यात परत येतात. तरी अंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं, लाकडं गोळा करून. लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात ते पोरीच्या शिकवणीत जातात. ते चालू राहावेत म्हणून केवायसी करायला परवा अर्धा दिवस खाडा झाला. बाकीची घडी बचत गटाच्या कर्जावर. हप्ता आठवड्याचा असतो. आमचा महिन्याचा हप्ता चुकला तर बँकेचा संदेश येतो. तिचा चुकला तर गटातल्या बाया दारात येतात.

मला कधी कधी बहात्तर साल आठवतं. आपण चौथी-पाचवीत असू. दुष्काळ, रेशनला मिलोची लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना फाटायची आणि आपण दोघी डब्यातली भाकरी बदलून बघायचो की कुणाची कमी वाईट आहे. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाई प्रतिकार समिती उभी केली. तुझी गोरेगावची मावशी लाटणं घेऊन मोर्चाला गेली होती आणि सुट्टीत निफाडला आल्यावर आपल्याला ओसरीवर थाळी वाजवून दाखवत होती. आजीनं दटावलं, “घरातली थाळी फोडशील.” वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र होत्या त्यात, गिरणगावातल्या होत्या आणि पांढरपेशा घरातल्याही होत्या. तेल, साखर, रवा कुठे दडवलाय हे विचारायला त्या मंत्र्यांच्या दारापर्यंत जायच्या. आज कांद्याचा भाव वाढला की आमच्या मोबाईलवरच्या गटात विनोद येतात, चित्रं येतात. शाळेच्या फीविरुद्ध अर्णवच्या शाळेतले पालक एकदा जमले होते, पण दुसऱ्या बैठकीला निम्मेच आले. ‘आपल्या पोराला त्रास नको’ म्हणून. त्यांना मी नावं ठेवत नाही, प्राचीही गेली नव्हती. मात्र लाटणं घेऊन जायला एक दार लागतं. हप्त्याचं दार कुठलं? मोबाईलमधलं?

तुमच्याकडे तरी काय वेगळं होतं गं. २०२२ च्या हिवाळ्यात तू दोन स्वेटर घालून एकाच खोलीत बसायचीस आणि भिंतीवरच्या विजेच्या मीटरकडे बघत चहाचं पाणी मोजून ठेवायचीस. तुमचा दर तेव्हा अकराच्या वर गेला होता. तू मात्र मला तेव्हा काही बोलली नाहीस, नंतर वर्षभरानं हसत हसत सांगितलंस. त्याचा मला राग आहे, भेटशील तेव्हा काढीन.

आता कामाचं. फेब्रुवारीत तुझ्या भाचीचं लग्न. सोनं दहा ग्रॅमला सव्वा लाखाच्या पुढे गेलंय. आपल्या लग्नांच्या वेळी ते दोन हजारांच्या आसपास होतं आणि तेव्हाही आपले वडील ‘आता डोईजड झालं’ म्हणत होते. तेव्हा आहेराला एकटीनं वेढणं-बिढणं घ्यायचा विचार सोडून दे म्हणून तुला सांगतेय. इथे हल्ली मैत्रिणी मिळून एकच वस्तू करतात. मी, शालू, गुरुजींची सौ. आणि तू, चौघींनी मिळून दोन ग्रॅमचं नाणं घ्यावं असं माझं मत आहे. दागिना नको, घडणावळ वाया जाते. मुलीलाही विचारलं मी आडून आडून, तर म्हणाली, “मावशी, नाणंच द्या, अडीअडचणीला मोडता तरी येईल.” एवढीशी पोर, पण बरोबर बोलली. तेव्हा तुझा वाटा पौंडात न पाठवता इथे आल्यावर रुपयांत दे. मध्ये बँक कापून घेते ते कशाला? आणि भाव रोज हलतोय, त्यामुळे हो की नाही ते या रविवारच्या फोनला सांग. सराफानं सोमवारपर्यंतच आजचा भाव धरून ठेवतो म्हटलंय.

वहिनीनं तुझ्यासाठी कांद्याची वेणी बांधून ठेवली आहे. विमानात नेता येईल का ते बघून ठेव, नाहीतर लग्नघरी देऊन टाकते.

तुझी,
सुधा